साखरेच्या पाकाने घरच्या घरी केस काढताना

प्रश्न सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका २७ वर्षांच्या ताईंचा आहे. त्यांनी व्हिडिओ पाहून, घड्याळ लावून साखर आणि लिंबाचा पाक दोनदा करून पाहिला. पहिल्या वेळी तो चिक्कीसारखा कडक झाला. दुसऱ्या वेळी इतका सैल राहिला की पायावरून निघता निघेना आणि शेवटी कोमट पाण्याने धुऊन टाकावा लागला. जिथे थोडेफार केस निघाले तिथे दुसऱ्या दिवशी लाल पुटकुळ्या आल्या. त्यांना हात, पाय, काखा, ओठांवरची लव आणि हनुवटी हे सगळे घरीच करायचे आहे. हा उपाय नैसर्गिक असल्यामुळे त्याने अपाय होत नाही ना, केस हळूहळू कायमचे जातात का, आणि सासूबाई सांगतात त्याप्रमाणे डाळीचे पीठ चोळणे अधिक बरे का, असेही त्यांनी विचारले आहे. तुळशीच्या लग्नानंतर लगेच धाकट्या बहिणीचे लग्न आहे, त्यामुळे तयारी केव्हा करावी हाही प्रश्न आहे.

मी गेली २३ वर्षे पुण्यात हे काम करते आहे, त्यामुळे आधी माझे मत सांगते आणि कारणे मागून देते. हात आणि पाय घरी जरूर करावेत. काखा दोन-तीन वेळा हात बसल्यानंतर, आणि शक्यतो कोणाच्या तरी मदतीने कराव्यात. ओठांवरची लव आणि हनुवटी घरी करू नये, आणि हनुवटीच्या बाबतीत तर आधी डॉक्टरांकडे जावे. जांघेचा भाग तुम्ही विचारलेला नाही, पण तोही स्वतःच्या हाताने करण्याची जागा नव्हे. आता तुमचा पाक का बिघडला ते पाहू, कारण माझ्या अनुभवात घरी होणाऱ्या दहापैकी आठ तक्रारींचे मूळ पातेल्यातच असते आणि लोक दोष मात्र त्वचेला देतात.

या पाकाला अरबी मुलखात ‘हलावा’ किंवा ‘सुक्कर’ म्हणतात, तुर्कस्तानात ‘आदा’ म्हणतात, आणि इजिप्तपासून इराणपर्यंतच्या घरांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. आपल्या संक्रांतीच्या हलव्याचे नावही त्याच अरबी शब्दावरून आलेले आहे, आणि ‘सुक्कर’ तर आपल्या ‘शर्करा’ शब्दाचाच प्रवासी भाऊ आहे. क्लिओपात्रा राणी हाच पाक वापरत असे ही गोष्ट मात्र मनावर घेऊ नये. ती इ.स.पू. ३० मध्ये वारली, आणि ऊस इजिप्तमध्ये पोचला तो अरबांबरोबर, सातव्या शतकानंतर. आपल्याकडेही ही रीत अगदी परकी नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी पेठांमधल्या अनेक घरगुती पार्लरांत ‘वॅक्स’ म्हणून जे डब्यात असे ते साखर, लिंबू आणि पाणीच असे, त्यात मेणाचा कणही नसे, आणि ते ओढायला जुन्या जीन्सच्या कापलेल्या पट्ट्या वापरीत. फरक एवढाच की तो पाक पातळ ठेवून पट्टीने ओढला जाई, तर हलाव्याचा पाक घट्ट करून, मळून, पट्टीशिवाय हाताने काढला जातो. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत या दोन्ही पद्धतींची सरमिसळ झालेली असण्याचीच शक्यता अधिक आहे.

प्रमाण असे घ्यावे: २५० ग्रॅम साधी पांढरी साखर, अडीच मोठे चमचे गाळलेला लिंबाचा रस आणि अडीच मोठे चमचे पाणी. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा. मंडईतली साधारण आकाराची, पातळ सालीची तीन लिंबे यासाठी पुरतात. उन्हाळ्यात लिंबे महाग झाली, तर रसाऐवजी तितकेच पाणी वाढवून अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घातले तरी चालते. ब्राउन शुगर किंवा गूळ घेऊन पाक ‘अधिक नैसर्गिक’ करण्याचा मोह टाळावा. प्रत्येक ढेपेतला ओलावा वेगळा असतो, गुळाचा रंग मुळातच गडद असल्याने पाक कुठवर आला हे डोळ्यांना कळत नाही, आणि कळेपर्यंत तो जळलेला असतो.

लिंबाचे काम वास किंवा रंग उजळणे हे नाही. साखरेचा पाक नुसता आटवला तर त्याला साखर धरते, म्हणजे पुन्हा दाणे बनतात. काटेरी हलवा करताना आपल्याला तेच हवे असते. इथे मात्र एकही दाणा नको, कारण दाणेदार पाक ताणला जात नाही, तुटतो आणि त्वचेवर घासला जातो. लिंबातल्या आम्लाने उष्णतेत साखरेचा काही भाग फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि हे मिश्रण साखरेला पुन्हा दाणा धरू देत नाही. पण लिंबू बेताबाहेर गेले तर हे फुटणे जास्त होते, फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेते, आणि मग पाक कितीही आटवला तरी थोड्या वेळात पुन्हा चिकटपणे सैलावतो. दुसऱ्या वेळी तुमचा पाक निघेना याचे एक कारण मला हे दिसते. पहिला कडक झाला म्हणून तुम्ही लिंबू आणि पाणी दोन्ही अंदाजाने वाढवले असणार. शिवाय दिवस पावसाळ्याचे होते. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उघडा राहिलेला पाक अर्ध्या तासातही आपली घडण बदलतो.

भांडे जाड बुडाचे आणि स्टीलचे घ्यावे. तांबट आळीतून आणलेले तांब्याचे किंवा कल्हई गेलेले पितळेचे पातेले कितीही देखणे असले तरी लिंबाने ते कळकते आणि तो कळक पाकात उतरतो. साखर, रस आणि पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवावे, साखर विरघळेपर्यंत ढवळावे आणि एकदा उकळी फुटली की ढवळणे थांबवावे, कारण कडेला उडालेले दाणे चमच्याने आत ढकलले गेले की तिथूनच साखर धरायला सुरुवात होते. आधी मोठे पांढरे बुडबुडे येतात, मग ते लहान आणि जड होत जातात, आणि पाकाचा रंग फिकट पिवळ्यावरून मधासारखा होतो. एवढ्या साखरेला बारीक आचेवर साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. पण घड्याळावर विसंबून पाक करणे हीच तुमची पहिली चूक होती, हे मी स्पष्ट सांगते. शेगडी, पातेल्याची रुंदी आणि लिंबाचा रस यांवर पाच मिनिटांचा फरक सहज पडतो.

आपल्याकडे पाक ओळखायची उत्तम पद्धत घराघरांत आहे आणि ती वापरावी. वाटीत थंड पाणी घ्यावे, पाकाचा थेंब त्यात टाकावा आणि बोटांनी गोळा करून पाहावा. थेंब पाण्यात विरघळला किंवा पसरला तर पाक अजून तारेवर आहे. मऊ गोळी झाली, पण ती तळहातावर ठेवताच चपटी होऊन पसरली, तर पट्टीने ओढायच्या पद्धतीला तो पाक चालेल. गोळी बांधली गेली, आकार धरून राहिली आणि तरी बोटाने दाबली जाते, असा गोळीबंद पाक आपल्याला हवा आहे. गोळी वाटीच्या कडेवर आपटून टणकन वाजली तर तो चिक्कीचा पाक झाला. थर्मामीटर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या पाकाला समुद्रसपाटीवर १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, आणि त्या वेळी त्यात सुमारे ८७ टक्के साखर असते. त्याखाली पाच-सहा अंशांवर पाक सैल राहतो आणि वर पाच-सहा अंशांवर तो टणक होऊ लागतो, म्हणजे सगळा खेळ थोड्याच अंशांचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळते, आणि त्याच हिशेबाने पाकही दोन अंश आधी तयार होतो. परदेशी कृतीत १२१ लिहिले असेल तर आपण ११९ ला गॅस बंद करावा. गॅस बंद केल्यावरही तापलेल्या पातेल्यात पाक थोडा पुढे जातोच, म्हणून तो ताबडतोब काचेच्या जाड, कोरड्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात ओतावा. काचेची बरणी आधी कोमट करून घ्यावी, नाहीतर तडकते.

बिघडलेला पाक टाकून देऊ नये. कडक झाला असेल तर दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर पुन्हा विरघळवावा आणि पुन्हा वाटीतल्या पाण्यात पाहावा. सैल राहिला असेल तर नुसता आणखी आटवावा. साखर धरली असेल तर पाणी आणि दहा-बारा थेंब लिंबू घालून सुरुवातीपासून करावा. रंग तांबूस तपकिरी होऊन जळका वास आला असेल तर मात्र तो गेला.

भाजण्याविषयी मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण घरगुती उपाय म्हणताना लोक हे विसरतात. उकळते पाणी अंगावर सांडले तर ओघळून जाते, पण साखरेचा पाक चिकटून बसतो आणि त्याची उष्णता त्वचेत उतरत राहते. सुरुवातीच्या वर्षी मी स्वतः पाक ‘लागला का’ हे बघायला चमच्यावरचा थेंब मनगटावर घेतला होता आणि त्याची खूण अजून आहे. पाक करताना लहान मूल स्वयंपाकघरात नसावे, हातातल्या बांगड्या काढून ठेवाव्यात आणि फोनवर बोलत पाक करू नये. अंगावर सांडलाच तर तो ओरबाडून काढू नये. साखर पाण्यात विरघळते, म्हणून नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. फोड आला, किंवा चेहरा, हाताचा पंजा अशी नाजूक जागा असली, तर डॉक्टरांना दाखवावे. डब्यातला पाक वापरण्याआधी तो कोमटच असला पाहिजे, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूवर ठेवल्यावर ‘ऊबदार’ एवढेच वाटले पाहिजे. पुन्हा सैल करायचा असेल तर डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवणे सर्वांत सुरक्षित. मायक्रोवेव्हमध्ये पाक वरून थंड आणि मध्ये उकळता राहू शकतो, म्हणून वापरलाच तर दहा सेकंदांहून अधिक नाही आणि प्रत्येक वेळी तळापर्यंत ढवळून.

आता ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ या समजुतीकडे येते. साखरेच्या पाकाचे गुण खरे आहेत. त्यात राळ नसते, आणि बाजारातल्या अनेक गरम वॅक्समध्ये असणाऱ्या राळेची काही जणींना ॲलर्जी असते, त्यांना हा पाक उपयोगी पडतो. तो कमी तापमानावर वापरता येतो, पाण्याने धुतला जातो, आणि नीट मळलेला असेल तर त्वचेला त्याची पकड कमी असते. मात्र केस मुळापासून उपटला जातोच आणि वरची मृत त्वचाही थोडी निघते, त्यामुळे दुखणे, लालपणा आणि पुटकुळ्या या शक्यता राहतातच. ‘साखर फक्त केसाला चिकटते, त्वचेला नाही’ हे जाहिरातीतले वाक्य आहे. तुमच्या तळहाताला विचारून पाहा.

काही परिस्थितींत हे करूच नये. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालू असताना, आणि बंद केल्यावर साधारण सहा महिने, केस उपटण्याची कोणतीही पद्धत नको, कारण त्वचा पातळ होऊन सालपटे निघतात. ट्रेटिनॉइन, ॲडापलिन अशी मुरुमांवरची मलमे लावत असलेल्या भागावर निदान आठवडाभर आधीपासून ती बंद असावीत. आपल्याकडे आणखी एक लपलेला धोका आहे. गोरेपणासाठी म्हणून औषधांच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने असे मलम लावत असल्याचे सांगितले नव्हते, आणि ओठांवरच्या पट्टीबरोबर त्वचेचा पापुद्रा निघून आला. तेव्हापासून मी ‘तोंडाला काय लावता’ हे विचारल्याशिवाय कामाला हात लावत नाही, आणि घरी करताना तुम्हीही तो प्रश्न स्वतःला विचारावा. कोड, सोरायसिस किंवा लायकेन प्लेनस (खाजरे, जांभळट चट्टे उठणारा त्वचारोग) असेल तर त्वचेला इजा झालेल्या जागी नवे चट्टे उमटू शकतात, म्हणून त्या लोकांनी त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाक लावू नये. फुगलेल्या निळसर शिरा, तीळ, चामखीळ, नागीण, जखम, उन्हाने भाजलेली त्वचा यांवरून पाक फिरवू नये. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी आणि रक्तातली साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेहींनी, विशेषतः पावलांच्या आसपास, हे टाळावे. लहान मुलांच्या अंगावर तर कधीच नाही.

प्रत्यक्ष कृतीत पहिली गोष्ट केसांची लांबी. आंबेमोहोराच्या दाण्याएवढा, म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचा केस पाकात नीट धरला जातो. त्याहून आखूड केस निसटतो किंवा मध्येच तुटतो, आणि तुटलेला केस त्वचेच्या आतच वाढून पुटकुळी होते. तुम्हाला आलेल्या पुटकुळ्यांपैकी काही याच कारणाने आल्या असाव्यात. फार लांब केस, विशेषतः काखेतले, आधी कात्रीने बेताचे करावेत. आदल्या दिवशी हातावर रुपयाएवढ्या जागी पाक लावून काढून पाहावा आणि २४ तास वाट पाहावी. पाळीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत बहुतेक जणींना जास्त दुखते, म्हणून तो काळ टाळता आला तर टाळावा.

त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी. घामावर आणि तेलावर हा पाक बसतच नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर, पंख्याखाली बसून करावे, आणि त्या दिवशी अंगाला तेल किंवा लोशन लावू नये. वरून कॉर्नफ्लॉवरचा किंवा बिनवासाच्या पावडरचा अगदी पातळ हात फिरवावा. अक्रोडाएवढा गोळा घेऊन तो दोन्ही हातांच्या बोटांनी ओढून-दुमडून मळावा. पारदर्शक तपकिरी गोळा हवा मिसळत जाऊन फिकट, मोतिया रंगाचा आणि लवचीक होतो, तेव्हा तो तयार झाला. पाक हाताला चिकटत राहिला तर बोटे थंड पाण्यात बुडवून पुसून घ्यावीत, मळताना पाणी मिसळू नये. हिवाळ्यात पुण्यातल्या सकाळी तो लवकर घट्ट होतो, तेव्हा खोलीत ऊब असावी.

आता दिशा, जी व्हिडिओ पाहून सर्वांत जास्त चुकते. हाताने काढायच्या पद्धतीत पाक केसांच्या वाढीच्या उलट दिशेने दाबत पसरवायचा आणि वाढीच्याच दिशेने झटक्यात काढायचा. पट्टीच्या पद्धतीत बरोबर उलटे: वाढीच्या दिशेने लावायचा आणि उलट दिशेने ओढायचा. वाढीच्या दिशेने ओढला तर केस मुळात तुटण्याचे प्रमाण कमी राहते, आणि आत वाढणारे केसही कमी होतात. म्हणूनच मी घरी शिकणाऱ्यांना पट्टीऐवजी हाताची पद्धत शिकवते, जरी ती हाताला बसायला वेळ लागत असला तरी. बोटांनी पाक तीनदा एकाच जागेवरून दाबत न्यावा, म्हणजे तो केसांच्या मुळांशी उतरतो. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरावी. मनगटाने झटका देताना गोळा वर उचलू नये, त्वचेला समांतर न्यावा. वर उचलल्यास त्वचा ओढली जाते आणि काळेनिळे डाग पडतात. एका वेळी दोन-तीन बोटे रुंदीची जागा पुरे. एकच जागा दोनदा करावी, तिसऱ्यांदा कधीही नाही. उरलेला एखाद-दुसरा केस चिमट्याने काढावा.

पायांपासून सुरुवात करावी, आणि पायांतही नडगीपासून, कारण तिथे केस एका दिशेने खाली वाढतात आणि त्वचा आपोआप ताणलेली असते. पोटरीवर केस वळसा घेतात, तिथे आरशात पाहून दिशा ठरवावी. गुडघा वाकवून करावा. काखेत केस दोन-तीन दिशांना वाढतात आणि त्वचा सैल असते, म्हणून हात डोक्यामागे घेऊन, लिंबाएवढाही नाही, सुपारीएवढा गोळा घेऊन, तुकड्या-तुकड्याने करावे लागते. एका हाताने त्वचा ताणणे आणि दुसऱ्याने ओढणे तिथे जमत नाही, म्हणून मदत घ्यावी असे मी म्हटले.

एकदा वापरलेला गोळा दुसऱ्या कोणाला वापरू देऊ नये. घट्ट पाकात जंतू वाढत नाहीत हे खरे, म्हणूनच तो बाहेर टिकतो, पण त्यात मिसळलेल्या रक्ताच्या सूक्ष्म थेंबांतून होणारा संसर्ग साखरेने थांबत नाही. बहिणी-बहिणींनीही आपापला गोळा घ्यावा, आणि वापरलेला गोळा डब्यात परत टाकू नये. उरलेला स्वच्छ पाक घट्ट झाकणाच्या बरणीत महिना-दोन महिने बाहेरच चांगला राहतो. बरणी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवावी, नाहीतर मुंग्या तुमच्याआधी पोचतील.

काम झाल्यावर कोमट पाण्याने धुवावे आणि थंड पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा पाच-दहा मिनिटे ठेवावा. कुंडीतली कोरफड लावायची असेल तर पान कापून काही वेळ उभे धरावे आणि पिवळा चीक पूर्ण गळू द्यावा, कारण तो चीकच त्वचेला खाजवतो. लिंबाची साल मात्र चोळू नये. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात, आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. दुचाकीवर फिरणाऱ्या पुणेकर मुलींना हे विशेषत्वाने सांगावे लागते. निदान २४ तास डिओ, अत्तर, घट्ट लेगिंग्ज, कढत पाण्याची अंघोळ, पोहणे आणि व्यायाम टाळावा. दुसऱ्या पहाटे सिंहगड चढायचा बेतही पुढे ढकलावा. हात उघडे राहणार असतील तर दुसऱ्या दिवसापासून ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा मऊ पंचाने हलके चोळावे. वज्री टाचांसाठी असते, ती पायाच्या नडगीवर फिरवू नये. पुटकुळ्यांत पू झाला, लाली पसरत गेली किंवा ताप आला तर घरचे उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. खर्चाची अडचण असेल तर ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

केस याने कायमचे जात नाहीत. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात, काही विश्रांतीत असतात, त्यामुळे पहिल्यांदा काढल्यावर दहा-बारा दिवसांतच नवे केस दिसू लागतात, आणि ते ‘जास्त आले’ असे वाटते. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने काही वेळा केल्यावर वाढ एका लयीत येते आणि पुष्कळ जणींना केस विरळ व मऊ झालेले जाणवतात. मधे वस्तरा फिरवला तर ही लय मोडते, एवढेच. वस्तऱ्याने केस राठ होतात हाही गैरसमज आहे. टोक सपाट कापले गेल्याने ते तसे लागतात. पुढे कधी लेझर करायचे ठरवलेत तर त्याआधी चार ते सहा आठवडे पाक, वॅक्स, चिमटा सगळे बंद ठेवावे लागते, कारण लेझरला मुळातला रंगीत केस जागेवर हवा असतो.

हनुवटीविषयी आधी जे म्हटले त्याचे कारण असे. हनुवटीवर जाड, काळे केस नव्याने येऊ लागले असतील, त्याबरोबर पाळी अनियमित असेल, मुरूम किंवा वजन वाढत असेल, तर ते पीसीओएसचे, म्हणजे अंडाशयांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाचे, लक्षण असू शकते आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासण्याची ती बाब आहे. असे जाड केस पुन्हापुन्हा उपटले की आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ठिपक्यांसारखे काळे डाग राहतात, आणि केसांपेक्षा ते डाग लपवणे अवघड होते. तपासणी होईपर्यंत तिथे वस्तरा चालतो. ओठांवरची लव दोऱ्याने अनुभवी हाताकडून काढून घ्यावी.

सासूबाईंच्या डाळीच्या पिठाला मी नावे ठेवणार नाही. हळद, साय आणि डाळीचे पीठ यांनी त्वचा स्वच्छ आणि मऊ होते, चोळल्याने बारीक लव थोडीशी तुटते, पण केस मुळापासून निघत नाहीत आणि जोराने चोळले तर पुटकुळ्याच येतात. पाकानंतर आठवड्याने, हलक्या हाताने लावण्यासाठी ते उत्तम आहे.

राहिले लग्न. आत्ता एकदा पाय करून हात बसवा, त्यानंतर साधारण चार आठवड्यांनी दुसऱ्यांदा करा, आणि ती दुसरी वेळ हळदीच्या चार दिवस आधी येईल असा हिशेब मांडा. आदल्या दिवशी केलेत तर नुकत्याच मोकळ्या झालेल्या छिद्रांत हळद जाऊन झोंबते, आणि पिवळे ठिपके दोन-तीन दिवस हातांवर दिसत राहतात. करवलीच्या हातांवर ते फोटोत दिसू नयेत, म्हणून हे चार दिवस.